रिपोर्टखाली सही कुणाची?

मागच्या अंकात मी छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या एआयबद्दल लिहिलं होतं. क्षयरोगाच्या तपासणीत आम्ही ते कसं वापरतो, एवढाच त्या लेखाचा विषय. पत्रं आली ती मात्र एक्स-रेच्या पार पुढची. मुलांची शिक्षणं, नोकऱ्या, सरकारी योजना, आणि शेवटी माणूसजातीचं काय होणार इथपर्यंत. मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे, एमडीच्या मुलांना शिकवते. एआय घडवणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्या व्यवसायांच्या टेबलावर ते सर्वांत आधी येऊन बसलं, त्यांत आमचा व्यवसाय पहिल्या रांगेत आहे. रोजच्या कामातून जे समजलं त्याच्या बळावर ही उत्तरं देते.

प्रश्न : आमची मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे रेडिओलॉजी करायचंय. तिचे मामा आयटीत आहेत, ते म्हणतात की एआयच्या जनकानेच रेडिओलॉजिस्ट शिकवणं बंद करा असं सांगितलंय. आम्ही मुलीला काय सांगावं? – एक पालक, बार्शी

उत्तर : मामा सांगतात ते खरं आहे. जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये टोरंटोतल्या एका परिषदेत हे जाहीरपणे सांगितलं. रेडिओलॉजिस्ट शिकवणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगलं काम करेल, फार तर दहा लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. तो व्हिडिओ आमच्या विभागात प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरला. नुकत्याच एमडीला लागलेल्या मुलांचे चेहरे उतरले होते. घरच्यांनी कर्ज काढून शिकायला पाठवलेलं, आणि जगातला एवढा मोठा जाणकार सांगतोय की हे शिक्षणच बंद करा.

ती मुलं आज स्वतःच्या पायावर उभी आहेत आणि त्यांना धड जेवायला फुरसत नाही. सीटी, एमआरआयची मशिनं तालुक्यापर्यंत पोचली, रिपोर्ट करणारे हात तेवढे वाढले नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्येसुद्धा २०१६ नंतर रेडिओलॉजिस्टांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या योग्यतेबद्दल वाद नाही. पण पुढे त्यांनीच सांगितलं की ते बोलणं फार सरसकट झालं, आपल्या मनात फक्त प्रतिमा वाचण्याचा भाग होता.

तो भाग आमच्या कामात केवढा, हे एका एक्स-रेवरून सांगते. क्षयरोग बहुतेकदा फुफ्फुसाचं वरचं टोक धरतो, कॉलर बोनच्या मागे. नेमकी तिथेच बायकांची वेणी येते. तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली की एक्स-रेत त्या टोकावर तिची पांढुरकी सावली पडते, थेट क्षयरोगाच्या डागासारखी. रुग्णालयात तंत्रज्ञ वेणी वर बांधायला सांगतात. गावातल्या शिबिरात हातात धरायचं छोटं मशीन असतं, बाहेर रांग असते, उन्हं चढलेली असतात. एखादी वेणी नजरेतून सुटते. यंत्र तिथे लाल खूण करतं. मी बघते तेव्हा ती सावली फुफ्फुसाच्या कडेशी थांबलेली नसते, कड ओलांडून मानेपर्यंत वर गेलेली असते. फुफ्फुसातला डाग असा मानेत चढत नाही. म्हणजे ही वेणी. केस वर घ्यायला सांगून पुन्हा एक्स-रे काढायचा, तो स्वच्छ येतो. तसं केलं नाही तर त्या बाईच्या घरात टीबीचं नाव शिरतं, आणि नव्या लग्नाच्या मुलीचं त्या नावापायी सासरी काय होतं हे मी पाहिलेलं आहे.

त्याच शिबिरात वीटभट्टीवरच्या एका मजुराच्या फुफ्फुसातली पोकळी यंत्राने जागच्या जागी दाखवली. लगेच थुंकीचा नमुना घेतला, उपचार सुरू झाले. एक्स-रे मिरजेला येऊन माझा रिपोर्ट परत जाईपर्यंत तो माणूस खोकत खोकत दुसऱ्या भट्टीवर निघून गेला असता. जगातले साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांच्या क्षयरोग तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली, ती योग्यच केली. मला हे यंत्र हवं आहे. स्वीडनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांवर स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. तिथे एआय जोडीला घेतल्यावर डॉक्टरांचं फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग आधीपेक्षा जास्त सापडले. निर्णय डॉक्टरांच्या हातातच होता.

मुलीला रेडिओलॉजी करू द्या. फक्त तिला सांगा की यंत्राशिवाय वाचायला आधी शिक. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं एआय बंद ठेवून एक्स-रे वाचतात, आपलं निदान वहीत लिहितात, आणि मगच एआयचं उत्तर उघडतात. काही मुलं कुरकुरतात. पण वेणी ओळखायची नजर यातूनच येते, दुसरा रस्ता मला माहीत नाही.

प्रश्न : मी नववी-दहावीला मराठी शिकवते. मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात. पालकसभेत विषय काढला तर एक पालक म्हणाले, “पुढे सगळं जग असंच चालणार, तुम्ही अडवता कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, अडवा. तुमच्या हाताशी पुरावा असावा म्हणून दोन अभ्यास सांगते.

पहिला तुर्कस्तानातला. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी एआय दिलं. काहींना साधं चॅटजीपीटीसारखं, विचारलं की उत्तर देणारं. काहींना शिक्षकांनी घडवलेलं, जे उत्तर सांगत नाही, पुढच्या पायरीची खूण देतं. उरलेली मुलं नेहमीसारखी वही-पुस्तकावर. साधं एआय मिळालेल्यांनी सराव ४८ टक्के जास्त चांगला केला. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तर हीच मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि मुलांना आपलं काही कमी पडलंय याचा पत्ता नव्हता. खूण देणारं एआय वापरलेल्या मुलांचं मात्र असं नुकसान झालं नाही.

दुसरा माझ्या क्षेत्राजवळचा, म्हणून मला जास्त लागलेला. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर. पडद्यावर कर्करोगाआधीच्या गाठी दाखवून देणारं एआय त्यांना मिळालं. काही महिन्यांनी, त्यांनी एआय न वापरता केलेल्या तपासण्या संशोधकांनी पाहिल्या. पूर्वी शंभरातल्या २८.४ रुग्णांत अशा गाठी सापडायच्या, आता २२.४ जणांत. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चार केंद्रांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये हे मी विद्यार्थ्यांनाही बजावते. तरीही ज्यांनी प्रत्येकी दोन हजारांवर तपासण्या केल्यात त्यांची नजर जर इतकी सैलावू शकते, तर नववीतल्या मुलाचं काय? त्याची नजर अजून घडायचीच आहे.

त्या पालकांना हे सांगा. पुढे सगळं जग एआयवर चालणार असेल तर एआयचं लिहिणं बरोबर की चूक, खरं की रचलेलं, हे ओळखणारी माणसं आजच्या दुप्पट लागतील. ती तुमच्याच वर्गातून येणार. निबंध घरून आणायला लावू नका, वर्गात हाताने लिहून घ्या, वाशिष्ठीच्या पुराबद्दल, स्वतःच्या घरातल्या माणसांबद्दल. मग हवं तर एआयचा निबंध फळ्यावर मांडून त्यातलं खोटं काय ते मुलांना शोधू द्या. मुलं त्यात रमतात. माझे विद्यार्थी यंत्राची चूक सापडली की जेवढे खूश होतात तेवढे पास झाल्यावरही होत नाहीत.

प्रश्न : मी लालबागचा, गिरणीत बत्तीस वर्षं काढली. आमच्या गिरण्या गेल्या तेव्हाही हेच सांगत होते की घाबरू नका, नवी कामं येतील. आता नातू कॉल सेंटरला आहे, त्याला तेच सांगतायत. डॉक्टर बाई, खरं काय ते सांगा. – एक निवृत्त गिरणी कामगार, मुंबई

उत्तर : काका, माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यांत ते होते. वर्षभराने आम्ही खोली सोडून तासगाव तालुक्यातल्या गावी परत आलो. तुम्हाला खोटा दिलासा देणं मला जमणार नाही.

नवी कामं आली, हे खरं. पण ती दुसऱ्यांना मिळाली. साच्यावरच्या माणसाला कुणी संगणकावर बसवलं नाही. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि साचेवाल्याचा मुलगा त्याच्या फाटकावर वॉचमन झाला.

यातली एक गोष्ट मला मोठेपणी वाचून समजली, आणि एआयच्या संदर्भात ती मला फार महत्त्वाची वाटते. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे, इमारतींखालची जमीन त्यात धरायची नाही. एवढ्या बदलाने लोकांचा वाटा आक्रसून गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो नियम मान्य केला. संपाच्या सभांना लाखो माणसं जमत होती, हे कलम बदललं तेव्हा त्यांतली बहुतेक पांगलेली होती.

एआय ज्याचा वेळ वाचवतं त्याला तो वेळ मिळतो की मालकाला नफा मिळतो, हे यंत्र ठरवत नाही. ते अशाच कलमांत, करारांत, सरकारी आदेशांत ठरतं, आणि ते ठरवलं जात असताना कामगार एकत्र असावे लागतात. नातवाला सांगा, एआय ऑफिसात यायच्या आधी सगळ्यांनी मिळून लेखी मागा की कुणाला काढणार, कुणाला काय शिकवणार, आणि शिकण्याच्या काळात पगार चालू राहणार का.

हे होऊ शकतं. आमच्या विभागात डॉक्टरांचं डिक्टेशन ऐकून रिपोर्ट टाइप करणाऱ्या एक बाई होत्या. कुणी डॉक्टर बोलण्याच्या भरात वरच्या ओळीत राइट लंग आणि खाली लेफ्ट लंग म्हणून गेले की त्या टाइप करता करता थांबायच्या, “सर, वर राइट म्हणालात, खाली लेफ्ट.” बोललेलं थेट टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं, ते वर राइट आणि खाली लेफ्ट इमानेइतबारे छापतं. बाईंना काढायचं ठरत होतं. आम्ही काही डॉक्टरांनी व्यवस्थापनाला लिहून दिलं की रिपोर्ट बाहेर जाण्याआधी बाईंनी वाचल्याशिवाय आम्ही सही करणार नाही. आज त्या तेच काम करतात, पूर्वीपेक्षा बऱ्या पगारावर. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ध्वनिफिती रात्रभर जागून टाइप करणारी आपल्याकडची हजारो मुलंमुली होती, त्यांच्यासाठी असं लिहून द्यायला कुणी उभं नव्हतं.

प्रश्न : सरकारी योजनांच्या अर्जांची छाननी एआयने केली तर वशिलेबाजी थांबेल. यंत्राला कुणी ओळखीचं नसतं. तुम्हाला हे पटतं का? – एक ग्रामपंचायत सदस्य, मंगळवेढा

उत्तर : तुमच्या मनात आहे ते मला कळतं, आणि अर्ज लवकर निकालात निघावेत हेही मला हवंय. पण नेदरलँड्समध्ये काय झालं ते पाहा.

तिथल्या करखात्याने पाळणाघराचं अनुदान घेणाऱ्या पालकांमध्ये लबाडी कोण करत असेल याचा अंदाज घ्यायला संगणकीय प्रणाली लावली. नागरिकत्व डच नसणं हा त्यात धोक्याचा मुद्दा धरला होता. ज्यांच्या नावापुढे खूण आली त्यांच्याकडून मागच्या वर्षांचं सगळं अनुदान परत मागितलं, काहींकडून हजारो, काहींकडून लाखाच्या घरातले युरो. फॉर्मवर एखादी सही राहिली, एवढ्यावरून लोक लबाड ठरले. घरं गेली, संसार मोडले, मुलं पालकांपासून तोडली गेली. हजारो कुटुंबं यात सापडली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यंत्राला ओळखीचं कुणी नसतं हे बरोबर, पण त्याला शिकवणाऱ्यांच्या समजुती त्याच्यात उतरतात. आणि एक फरक आहे. वशिला लावणाऱ्या क्लार्कचं नाव तुम्हाला माहीत असतं, त्याच्या टेबलासमोर जाऊन भांडता येतं. डच पालक वर्षानुवर्षं विचारत राहिले की आमचं चुकलं काय, आणि त्यांना उत्तर देऊ शकेल असं कुणी समोर आलंच नाही. तुमच्या पंचायतीत अशी छाननी आली तर ठराव करून घ्या. अर्ज नाकारला तर कारण मराठीत लेखी मिळालं पाहिजे, आणि तो निर्णय बदलायचा अधिकार असलेला माणूस तालुक्याच्या ठिकाणी बसलेला पाहिजे.

प्रश्न : मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात की एआयमुळे मानवजात नष्ट होऊ शकते. मी बँकेतून निवृत्त झालो, विज्ञानाचा विद्यार्थी नाही. ही भीती गांभीर्याने घ्यायची की सोडून द्यायची? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : गांभीर्याने घ्यायची. ३० मे २०२३ रोजी एका वाक्याचं निवेदन प्रसिद्ध झालं. साथीचे रोग आणि अणुयुद्ध यांच्याइतकंच प्राधान्य एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करण्याला जगाने द्यावं, असा त्याचा आशय. खाली हिंटन यांची सही आहे, योशुआ बेन्जिओ यांची आहे, आणि ओपनएआय, गूगल डीपमाइंड, अँथ्रोपिक या एआय बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांचीही आहे. हिंटन, बेन्जिओ आणि यान लकून या तिघांना संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २०१८ साठी एकत्र मिळाला होता. त्यांतल्या दोघांना ही भीती खरी वाटते, लकून यांना ती अवास्तव वाटते. ज्या रोगावर तीन तज्ज्ञांत दोघे गंभीर म्हणतात तिथे मी रुग्णाला घरी पाठवत नाही.

भीती नेमकी कशाची? यंत्र आपला द्वेष करेल याची नव्हे. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी एका एआयला बोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम शिकवला. वाटेतली लक्ष्यं टिपली की गुण, आणि गुण वाढवायचे, एवढंच सांगितलं होतं. त्याने शर्यत सोडून दिली. एका खाडीत गोल गोल फिरत, इतर बोटींवर आदळत, स्वतःची बोट पेटलेली असताना ते तीच लक्ष्यं पुन्हापुन्हा टिपत राहिलं, आणि माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. सांगितलं ते केलं, हवं ते केलं नाही. खेळात हसून सोडता येतं. वीजपुरवठा, शेअर बाजार, शस्त्रं यांच्यावर बसलेलं आणि आपल्याहून कितीतरी हुशार झालेलं यंत्र असंच वागलं तर ते थांबवायला आपल्याला वेळ मिळेल का, हा प्रश्न आहे. दुसरी भीती वाईट माणसांची. औषधांचे रेणू शोधणाऱ्या एका अमेरिकी कंपनीतल्या संशोधकांनी आपल्या एआयला एकदा उलट सांगून पाहिलं, विषारी तेवढं शोध. सहा तासांच्या आत त्याने ४० हजार रेणू सुचवले. त्यांत व्हीएक्स हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारं युद्धातलं विष होतं. २०२२ मध्ये त्यांनी हे स्वतः प्रसिद्ध केलं, जगाने सावध व्हावं म्हणून.

हीच शक्ती चांगल्या कामाला लावली तर काय होतं हेही त्याच श्वासात सांगायला हवं. प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयने २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार संशोधकांना फुकट उपलब्ध करून दिले. ते घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी एआयच्या मदतीने हॅलिसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) शोधलं, प्रयोगशाळेत ते क्षयरोगाच्या जंतूंनाही मारतं. माणसाला द्यायचं औषध ते अजून झालेलं नाही. पण औषधांना न जुमानणारा टीबी झालेल्या कोवळ्या मुलांचे एक्स-रे जिच्या टेबलावर येतात तिला विचारा, अशा बातमीने काय वाटतं.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून पेत्रोव यांची हकीकत तुम्हाला आवडेल. २६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोजवळच्या, क्षेपणास्त्र-हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भूमिगत केंद्रात सोव्हिएत सैन्यातले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव रात्रपाळीला होते. उपग्रहांच्या यंत्रणेने इशारा दिला की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी, एकूण पाच. यंत्रणा म्हणत होती की खात्री सर्वोच्च आहे. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, दोन्हीकडे वातावरण तापलेलं. पेत्रोव यांनी वर कळवलं की हा इशारा खोटा आहे. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला यंत्रणेने क्षेपणास्त्रं समजलं होतं, हे नंतर उघड झालं.

लोक त्यांच्या धैर्याचं कौतुक करतात, ते करावंच. माझं लक्ष दुसरीकडे जातं. पेत्रोव शिक्षणाने अभियंता होते, ती यंत्रणा कशी चालते आणि कुठे कच्ची आहे हे त्यांना आतून माहीत होतं. पहिला हल्ला कुणी पाचच क्षेपणास्त्रांनी करत नाही, जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नाही, एवढा विचार त्यांनी काही मिनिटांत केला. नुसता धीट आणि यंत्राबद्दल अडाणी माणूस त्या खुर्चीत असता तर त्याने कशाच्या आधारावर नाही म्हटलं असतं? बँकेत दुसऱ्या सहीशिवाय मोठी रक्कम जात नव्हती, आणि दुसरी सही करणाऱ्याला खातं वाचता यावं लागायचं. माझी सगळ्यांत मोठी चिंता हीच आहे. एक पिढी अशी येईल की सहीचा अधिकार तिच्याकडे असेल आणि खातं वाचायचं कौशल्य उरलेलं नसेल. चिपळूणच्या बाईंना मी इतक्या आग्रहाने उत्तर दिलं ते त्यासाठी.

देश अगदीच स्वस्थ बसलेले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला भारत, चीन, अमेरिकेसह २८ देश आणि युरोपीय संघ या धोक्यावर एका निवेदनाला राजी झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील. हे पुरेसं नाही. कंपन्यांची आपसातली चढाओढ या निवेदनांपेक्षा कितीतरी वेगाने चालली आहे, आणि तिला लगाम घालणारे कायदे मला हवे आहेत, आपल्या संसदेकडूनही.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझी आजी अहिराणी बोलते. मोबाइलला तिचं बोलणं समजत नाही, म्हणून ती चिडते. पुढे समजेल का? – एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न मला फार आवडला. एआय शिकतं ते लिहिलेल्या आणि बोलून साठवलेल्या भाषेतून. इंग्रजीचा साठा प्रचंड, मराठीचा त्या मानाने थोडा, अहिराणीचा अगदीच थोडा. सरकारने २०२२ मध्ये भाषिणी नावाचं काम सुरू केलं, मद्रास आयआयटीतले लोकही भारतीय भाषांसाठी मेहनत घेतात. पण भर राहतो तो राज्यघटनेच्या यादीतल्या २२ भाषांवर, आणि अहिराणी, पावरी, मावची त्या यादीत नाहीत. समजायला लागेल, पण त्यासाठी अहिराणी बोलणाऱ्यांनी आपलं बोलणं साठवावं लागेल. आजीला विचारून, तिची हरकत नसेल तर, तिची गाणी आणि गोष्टी रेकॉर्ड कर आणि खाली लिहून ठेव. मला हे डॉक्टर म्हणूनही हवंय. छातीत कसं दुखतं हे माणूस आपल्याच बोलीत नीट सांगतो, आणि उद्या दवाखान्यात यंत्र प्रश्न विचारणार असेल तर त्याला तुझ्या आजीचं उत्तर कळलं पाहिजे. तोवर तिने मोबाइलवर चिडावं, तिची काही चूक नाही.

प्रश्न : माझा एक्स-रे रिपोर्ट एआयने केला की डॉक्टरांनी, हे मला कसं कळणार? विचारलं तर डॉक्टर रागावतील का? – एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बिनधास्त विचारा. रागावण्याचं कारण नाही, आणि कुणी रागावलंच तरी हक्क तुमचा आहे. रिपोर्टखाली डॉक्टरांचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक बघा. एआय वापरलं असेल तर ते वापरल्याचं लिहिलेलं असावं, असं माझं मत आहे. आमच्याकडे तशी ओळ छापतो. फक्त यंत्राने छापलेला कागद हातात आला आणि खाली कुणाचंच नाव नसेल तर त्याला रिपोर्ट समजू नका, डॉक्टरांनी वाचून सही करून द्या म्हणून परत पाठवा.

याचं कारण ठोस आहे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली. शिकवलेल्या रुग्णालयात ती उत्तम चालली, दुसऱ्या रुग्णालयाच्या एक्स-रेंवर घसरली. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला, हे ती फिल्मवरच्या खुणांवरून ओळखायला शिकली होती, आणि जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त तिथल्या फिल्मकडे झुकत होती. तुमच्या गावातलं मशीन, तुमच्या छातीचा जुना व्रण, तुम्ही पूर्वी घेतलेली औषधं, हे सगळं जोडून बघायला तुमचा डॉक्टर लागतो.

रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला मोबाइलवरच्या एआयला विचारलंत तर हरकत नाही. त्याच्या सांगण्यावरून गोळी सुरू किंवा बंद मात्र करू नका. टीबीची तर मुळीच नाही, मध्येच सोडलेल्या औषधांनी जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर एक्स-रे यंत्राने स्वच्छ ठरवला तरी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि पुढची औषधं, दोन्ही मोफत आहेत.